गळ्यातलं स्टॉपवॉच

राहुरीतल्या एका खाजगी माती तपासणी केंद्रात इंटरनेट आलं आणि तिथल्या ऑपरेटरच्या गळ्यात पीटीच्या मास्तरांसारखं स्टॉपवॉच लटकू लागलं. नमुन्याचा नंबर टाकून एंटर दाबला की तो घड्याळ सुरू करी, पडद्यावर अहवाल उमटला की बंद. मग तेवढे सेकंद पेन्सिलीने, रामनाम लिहावं तशा अक्षरात रजिस्टरात उतरत. दारावर पाटी होती : 'सरासरी वेळ नऊ सेकंद'. ती पाठ व्हायला आम्हाला भरपूर अवधी मिळे, कारण रांगेत दोन तास सहज जात.

"रांग कॉम्प्युटरात येत नाही, सर," तो मला समजावी.

एकदा तिसगावच्या एका मावशींचा नंबर त्याने टाकला. दहा मिनिटं झाली तरी पडदा कोराच. त्याने घड्याळ शून्यावर आणलं आणि रजिस्टरातली त्यांची ओळ खोडरबराने पुसली.

"उत्तर आलं तरच नोंद ठेवायची, नाहीतर सरासरी बिघडते. उद्या या."

"काल बी हेच म्हनला हुतास, बाबा. म्हंजी काल मी आलेच न्हवते व्हय?"

कालच्या पानावरून शांतपणे बोट फिरवून तो म्हणाला, "नव्हता आलात."