तक्त्यावर नसलेली ओळ

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी कमेंटमध्ये विचारायला नको... भूत, साया, करणी यातलं मी काही म्हणजे काही मानत नाही. मोहल्ल्यातल्या बायका डोकेदुखीवर ताईत मागायला आल्या, की अब्बा त्यांना चष्म्याचा नंबर काढून परत पाठवायचे. मी त्यांचाच मुलगा. लातूरला क्लासेसच्या भागात आमचं चष्म्याचं दुकान आहे. गेली पंचवीस वर्षं मी लोकांचे डोळे तपासतोय, आणि 'मला दिसलं' एवढ्यावर विश्वास ठेवायची सवय आमच्या धंद्यात नसते.

कारण सांगतो. डोळा नुसता उजेड आत घेतो. त्या उजेडाचं अक्षर करायचं काम डोक्याचं, आणि डोकं पक्कं आगाऊ! अर्धवट दिसलं की उरलेलं पदरचं घालून मोकळं होतं. त्यात आमच्याकडे येणारी पोरं मेडिकलच्या तयारीची, दिवसभर पाठांतर. बाकावर नंबर यायची वाट बघत समोरचा तक्ताही पाठ करून टाकतात, आणि मग खुर्चीत बसून शेवटची ओळ घडाघडा. खोटं बोलत नसतात हो बिचारी, त्यांना ते अक्षर खरंच दिसतं. म्हणून मी चार तक्ते ठेवलेत आणि दिवसातून दोनदा बदलतो. एवढा हुशार मी.

दुकान अरुंद पण लांब आहे. तपासायची खुर्ची आतल्या टोकाला, अगदी भिंतीला टेकून. तक्ता समोर, दाराच्या वर. हे लक्षात ठेवा.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. गुरुवार होता, दुपारचा दीड वाजला असेल. शिवकन्या नावाची मुलगी आली, मुखेडकडची, दुसऱ्यांदा परीक्षा देणारी. समोरच्याच हॉस्टेलला राहायची.

"काका, उजव्या डोळ्यापुढं काळा पडदा आल्यावाणी होऊन राहिलंय. चार वाजता टेस्ट हाय, जरा लवकर बघा."

मी डावा डोळा झाकायला लावला आणि वाच म्हटलं. ती क्षणभर थांबली. मग एक-एक अक्षर सावकाश म्हणत शेवटच्या ओळीपर्यंत गेली.

आमच्याकडे अब्बांपासूनची पद्धत आहे. गिऱ्हाईक जे वाचेल ते कार्डावर जसंच्या तसं लिहायचं, आणि प्रत्येक अक्षराला मान वर करून तक्त्याशी ताडून बघायचं. त्या दिवशी मी नुसतं लिहिलं. बाकावर सहा पोरं बसलेली, कानाला फोन, फ्रेमचं पार्सल कुठंतरी अडकलेलं. तिची अक्षरं ओळखीची वाटत होती, हात आपोआप चालला होता. मी मान वर केलीच नाही.

"नजर एकदम क्लिअर आहे," मी म्हणालो.

"मग त्यो पडदा?"

"झोप कमी पडते तुझी. डोकं थकलं की असं वाटतं." वर तिला दोन मिनिटं लेक्चरही दिलं, डोकं माणसाला कसं फसवतं यावर! आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तीन आठवड्यांनी तिचे वडील दुकानात आले. पायजमा-शर्ट, खांद्यावर टॉवेल, हातात दवाखान्याची पिशवी. नांदेडला ऑपरेशन झालं होतं. डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे रेटिना, सुटला होता, उजव्या डोळ्याची नजर गेली. तिथल्या डॉक्टरांनी जुने कागद मागितले, म्हणून ते माझं कार्ड न्यायला आले होते.

"डॉक्टर म्हनले, पहिल्या आठवड्यात आनायला पायजे व्हतं. आमचीच चूक झाली भाई. लेकरू फोनवर सांगत व्हतं, काकानं बघितलंय, काही न्हाई म्हनून. मी बी निर्धास्त राहिलो."

ते माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. मी कार्ड शोधून काढलं. शेवटच्या ओळीत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं... ग ट म श ल र. मी तक्त्याकडे बघितलं, मग उरलेले तीनही काढले. ही ओळ एकाही तक्त्यावर नव्हती. वरच्या ओळीही जुळत नव्हत्या.

पण ती ओळ मला पाठ होती. अब्बांनी स्वतःच्या हातानं काचेवर रंगवलेल्या जुन्या तक्त्याची ती शेवटची ओळ होती. मी त्याच तक्त्यावर हे काम शिकलो. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या दिवशी तो खिळ्यावरून पडला आणि फुटला. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो, काचा मीच झाडून भरल्या. त्याची नक्कल नाही, फोटो नाही. अब्बांना जाऊनही नऊ वर्षं झालीत. आणि ही पोर एकोणीस वर्षांची!

मी कार्ड तिच्या वडिलांच्या हातात दिलं. त्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं आणि "येतो भाई" म्हणून गेले.

दोन महिन्यांनी शिवकन्या डाव्या डोळ्याला चष्मा करायला आली. दुकान रिकामं होईपर्यंत मी तिला थांबवलं आणि विचारलं, त्या दिवशी तू वाचलंस कसं?

तिनं मान खाली घातली. "मला तक्ताच दिसत नव्हता, काका. नुसतं काळं. पण डोळा खराब निघाला तर पप्पा गावाकडं नेतील, वर्ष जाईल, म्हणून भ्याले. मागून ते आजोबा हळूच अक्षरं सांगून राहिले होते, मी तशीच म्हणत गेले."

"कोणते आजोबा?"

"तुमच्या दुकानातले. मला वाटलं, गर्दी हाय म्हणून लवकर उरकून राहिलेत."

तिच्या मागे भिंत होती. तिथं माणूस सोडा, हातसुद्धा मावत नाही.

अब्बा मला शिकवताना स्वतः खुर्चीत बसायचे आणि मधूनच मुद्दाम चुकीची अक्षरं म्हणायचे. मी वर न बघता लिहिलं की डोक्यात टपली. आता मला वाटतं, ते त्या पोरीला मदत करत नव्हते. ते मला तपासत होते.

नाहीतर असंही असेल, की ती काहीतरी पुटपुटली आणि माझ्या कानांनी त्याची ओळखीची ओळ केली. मी स्वतःला हेच समजावत असतो. पण मग तिला ऐकू आलं ते काय होतं?

चष्मा घेऊन निघताना ती दारात वळली. उजवीकडचं बघायला तिला आता पूर्ण मान वळवावी लागते.

"काका, त्या आजोबांना सांगा, मी न्हाई रागावले त्यांच्यावर. त्यांनी बिचाऱ्यांनी चांगल्यासाठीच केलं."

मी "सांगतो" म्हणालो. माझी चूक मेलेल्या बापाच्या नावावर घातली आणि तिला जाऊ दिलं. तो आवाज कुणाचा होता, ते मला आजही कळलेलं नाही. तिचा डोळा कुणामुळे गेला ते मात्र मला माहीत आहे, आणि तिला मी ते अजून सांगितलेलं नाही.