चाक हाय का?

नऊ वर्षांपूर्वी माझं पोस्टिंग उत्तरेत, अकरा हजार फुटांवरच्या एका फील्ड वर्कशॉपमध्ये होतं. मी व्हेइकल मेकॅनिक, हुद्दा लान्स नायक. सेक्शनचा प्रमुख नायक सिद्राम मंगळवेढ्याकडचा, मेंढपाळाच्या घरातला.

गाडी जॅकवर उचलून चाक काढलं की ते आडवं करून चासीखाली सरकवायचं, हा नियम त्याने आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवला. जॅक सुटला तर गाडी चाकावर बसते, खालचा माणूस वाचतो. नियम सगळीकडे आहे. सिद्रामची भर एवढीच की खाली जाणाऱ्याने आधी मोठ्याने विचारायचं, "चाक हाय का?" जॅकपाशी असणाऱ्याने उत्तर द्यायचं, "हाय." सेक्शनमध्ये दोन पंजाबी, एक गढवाली आणि एक तमिळ होता. तमिळ शिपायाला मराठी एवढंच येत होतं.

सिद्राम त्याच पोस्टिंगवर गेला. घरी कळवलं गेलं ते इतकंच: ड्युटीवर असताना वाहन अंगावर येऊन मृत्यू.

मी हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळ राहायला आलो. सिद्रामचा धाकटा भाऊ महादेव तिथल्याच कारखान्यांतून पिकअपने टॉवेलचे गठ्ठे पोचवतो. गेल्या महिन्यात एका सुट्टीच्या दिवशी सकाळी आठला तो गाडी घेऊन माझ्या दारात आला. ब्रेक दाबला की स्टिअरिंग डावीकडे ओढत होतं, पुढचे टायर आतल्या बाजूने झिजले होते.

"मेजर," तो म्हणाला, "रस्त्याला खड्डा नसला तरी ही खड्ड्यात असल्यावानी वाजतीय."

आमच्या भागात निवृत्त झालेला प्रत्येक जण मेजर असतो. मी ते दुरुस्त करणं सोडून दिलं आहे.

पहार लावून चाक धरणारा लोअर आर्म हलवून पाहिला. त्याच्या सांध्यातल्या बुशचं रबर फाटून नुसता चुरा उरला होता. नवीन बुश महादेवने आणलेच होते. अंगणातल्या फरशीवर आधी डाव्या बाजूचं काम काढलं. चाकाचे नट जमिनीवरच सैल केले, जॅक लावला, चाक काढलं आणि चासीखाली सरकवलं.

माझी कंबर नोकरीतच गेली आहे, म्हणून महादेव खाली शिरला. दोन मिनिटांत त्याची कुरकुर सुरू झाली. चाक मधे येतंय, पान्याला जागा नाही, कोपर फिरत नाही.

"काढा की ते चाक बाहीर. फौजेत लईच भ्या घालत्यात वाटतं तुमाला."

"चाक राहील. पाना आखूड घे."

आखूड पाना मी आत सरकवला. नऊ वाजून दहा मिनिटांनी जॅकखालची फरशी दुभंगली. ती खालून पोकळ होती, हे इतके दिवस त्या घरात राहून मला माहीत नव्हतं. जॅक कलंडला. गाडी एकदम खाली आली आणि चाकावर बसली.

महादेव बाहेर सरपटत आला. त्याच्या कपाळाला चासीचं ग्रीस लागलं होतं. तो फरशीवर बसला. मी शेजारी बसलो. त्याने पाना हातातून सोडला नव्हता. मी तो काढून घेतला, तेव्हा बोटं एकेक करून उघडावी लागली.

"ह्ये चाक घालायचं कुनी शिकवलं तुमाला?"

"तुझ्या भावाने."

तो चाकाकडे बघत राहिला.

"मग त्यो सोता कसा इसरला? आई अजून म्हनती, सिद्रामाला लई घाई. घाईनंच गेला."

मी याआधी त्यांच्या घरी अनेकदा जेवलो होतो. हे वाक्य त्या माउलीच्या तोंडून तिथेही ऐकलं होतं आणि मान खाली घालून जेवत राहिलो होतो. आता महादेवला मी सांगितलं. चौकशीसमोर दिलं होतं तेच स्टेटमेंट, त्याच क्रमाने.

ताफा खिंडीखाली थांबला होता. एका गाडीचं पुढचं बुश संपून आर्म लटकत होता. चाक मी काढलं. ते चासीखाली घालायचं काम माझं होतं. मी ते गाडीच्या मागच्या फळीला टेकवलं आणि हत्यारांच्या पेटीत पाना शोधू लागलो. बोटं गारठली होती. सिद्राम गाडीशेजारी आडवा झाला आणि त्याने विचारलं. मी पेटीतून मान वर न काढता म्हणालो, हाय. रोज वीस वेळा दिलेलं उत्तर होतं. तोंडातून गेलं. तो खाली शिरला. जॅकखाली बर्फ होता.

रेडिओवर मीच बोललो.

"कॅज्युअल्टी वन. गाडी के नीचे. ओव्हर."

"ब्रीदिंग? ओव्हर."

"निगेटिव्ह. ओव्हर."

चौकशीत मी काही लपवलं नाही. शिक्षा झाली, ती भोगली. त्याच्या घरी सांगण्याचा हुकूम मात्र मला कोणी दिला नव्हता, आणि मी स्वतःहून सांगितलं नाही.

महादेव उठला. फाटकापर्यंत गेला आणि तिथे पाठ करून उभा राहिला. तो गाडी तशीच टाकून निघून जाईल असं मला वाटलं. दहा मिनिटांनी तो परत आला, नळाखाली तोंड धुतलं आणि म्हणाला, "जाड फळी हाय का जॅकखाली घालायला?"

फळी होती. गाडी पुन्हा उचलली. आर्म काढून व्हाइसच्या जबड्यात धरला, जुनं बुश दाबून बाहेर काढलं, नव्याला साबणाचं पाणी लावून बसवलं. बोल्ट हातानेच लावून ठेवले. ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच आवळायचे असतात, नाहीतर रबर पीळ खाऊन पुन्हा फाटतं.

मग उजवी बाजू. चाक महादेवने काढलं. खाली कोण जाणार, हे त्याने विचारलं नाही. मी गाडीशेजारी आडवा झालो. तिथून मला फक्त त्याच्या चपला दिसत होत्या.

"चाक हाय का?"

चपला हलल्या नाहीत. मी पडून राहिलो. आपणहून मान वळवून चाक बघायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

मग चपला फिरून चासीपाशी आल्या. गुडघे टेकले. टायरच्या रबरावर हाताची थाप ऐकू आली, एकदा आणि पुन्हा एकदा.

"हाय," महादेव म्हणाला.

मी खाली गेलो.

साडेबाराला गाडी चारी चाकांवर उभी होती आणि बोल्ट आवळून झाले होते. तो एमआयडीसीच्या रस्त्यावर एक चक्कर मारून आला. आवाज गेला होता, ब्रेक सरळ लागत होता. त्याने इंजिन बंद केलं नाही. काच खाली करून समोर बघतच बोलला.

"उद्या गावाकडं जातो. आईला सांगायला पायजे, त्यो इसरला न्हवता म्हनून."

"मीही येतो."

त्याने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "सकाळी सातला निगतो," म्हणाला आणि गेला.

मी सातला तयार होतो. पिकअप वेळेवर आली. वाटेत महादेवने एवढंच विचारलं की त्या दिवशी किती वाजले होते. मी सांगितलं. सात वाजून चाळीस मिनिटं. आणि स्टेटमेंटमधलं पुढचं वाक्यही: गाडीखाली जाण्याआधी नायक सिद्रामने विचारलं होतं.