लिंबाएवढा चंद्र

नववीला चंद्राच्या कला शिकवायच्या म्हटलं की माझं डोकं फिरायचं. फळ्यावर कितीही वर्तुळं काढा, पेपरात उत्तर ठरलेलं: पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र कमी दिसतो. अरे, सावली पडली तर ते ग्रहण! पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मुख्याध्यापकांच्या मागे लागून मी शहरातल्या तारांगणाची सहल मिळवली. त्यांनी अट घातली, "आल्यावर दुसऱ्या दिवशी मी स्वतः विचारीन. पोरांना सांगता आलं तर दरवर्षी न्या. नाहीतर मॅडम, हा नाद सोडायचा."

पहाटे साखरखेर्ड्याहून एसटी निघाली. एका मुलाच्या आईने सगळ्या वर्गासाठी निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी दिली होती. लेकरू उपाशी पाठवणं आमच्याकडे पाप. तारांगणाबाहेर झाडाखाली पंगत बसली. तुपात बुडवलेले रोडगे, वर आग्रह. मीही हात आखडता घेतला नाही.

मग आत गेलो. गार हवा, मागे रेलणाऱ्या खुर्च्या, हळूहळू होत गेलेला अंधार. घुमटावर पहिल्या चांदण्या आल्या तेव्हा पोरं "अबब" म्हणाली. चंद्र उगवला तेव्हा मात्र चहूकडून घोरणं ऐकू येत होतं. मी रांगांमधून वाकून एकेकाला चिमटे काढत फिरले. पहाटे उठलेलं, पोट तुडुंब भरलेलं पोर चिमट्याला काय दाद देणार? वर पंधरवड्याचा चंद्र काही मिनिटांत कोरीपासून पूर्ण गोल होत होता आणि खाली माझी दरवर्षीची सहल बुडत होती.

परतीच्या गाडीत मी रागाने पुढच्या सीटवर जाऊन बसले. तेवढ्यात मागून हशा ऐकू आला. वर्गातली एक अबोल मुलगी मधल्या जागेत उभी होती. तिला गाडी लागते, म्हणून ती सकाळपासून काही न खाता, वास घ्यायला लिंबू हातात धरून बसलेली. तीच तेवढी जागी राहिली होती, आणि झोपाळूंनी "सांग ना वं, काय दाखवलं?" म्हणून तिला भंडावलं होतं.

खिडकीतून कलतं ऊन येत होतं. "हा सूर्य," ती म्हणाली. "माहं डोकं पृथ्वी. लिंबू चंद्र. आता पाहा, मी फिरून राह्यली." लिंबू समोर धरून ती जागच्या जागी फिरली. लिंबाचा उजळ भाग वाढत गेला. "अन् डोक्याच्या जरा वर धरा बे, नाही तं ग्रहण लागते!"

मग लिंबू हातोहात गेलं. कंडक्टर ओरडेपर्यंत सगळा वर्ग गाडीत गरगरत होता. तिला गाडी लागते हे कोणाच्या ध्यानातही राहिलं नाही, तिच्याही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी नेमका सगळ्यात मोठ्याने घोरलेला मुलगा उभा केला. त्याने सरांनाच खिडकीतल्या उन्हात उभं केलं, हातात चेंडू दिला आणि फिरायला लावलं. फिरता फिरता सर थांबले.

"अरेच्चा, खरंच की! तारांगणात हे असं दाखवलं?"

"मले नाही माहीत, सर. मी तं झोपलो होतो. सारेच झोपले होते. मले हिनं सांगितलं."

संपलं, मी मनात म्हटलं. सर मुलीकडे वळले. "आणि तुला कोणी सांगितलं?"

"कोनी नाही, सर. मले दिसलं."

इतक्या वर्षांत माझ्या फळ्याकडे पाहून असं कोणी म्हटलं नव्हतं. सरांनी चेंडू परत दिला आणि मला म्हणाले, "पुढच्या वर्षीची गाडी आत्ताच सांगून ठेवा, मॅडम." मी भर वर्गात टाळ्या वाजवल्या.