काकूची आंटी

जून जवळ आला की आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांच्या अंगात येतं. वह्यांना तपकिरी कव्हरं घालायची, त्यावर लेबलं चिकटवायची, गेल्या वर्षीचा पिनाफोर गुडघ्याच्या वर गेला म्हणून नवा घ्यायचा, तोही शाळेने सांगितलेल्या त्या एकाच दुकानातून. बाहेर हुबेहूब तसाच मिळतो, पण शाळेला चालत नाही. मला या सगळ्याची मनापासून चीड आहे आणि मी हे सगळं दरवर्षी अगदी वेळेवर करते. त्या वर्षी तर मी उत्साहाच्या भरात लेबलांवर आधीच 'थर्ड बी' लिहून टाकलं होतं. मुलगी पहिल्यापासून बी डिव्हिजनलाच होती, आणि शेजारच्या बाकावर तिची मैत्रीण.

ही मैत्रीण आमच्याच विंगमधली, तिसऱ्या मजल्यावरची. आम्ही पाचव्यावर. आम्ही परळहून मीरा रोडला आलो, ते गिरगावातून. आमच्या विंगमध्ये सगळ्या प्रांतांची माणसं आहेत आणि लिफ्टमध्ये सगळ्यांची भाषा हिंदी. भाजीवाल्याशी हिंदी, वॉचमनशी हिंदी, सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडायचं तरी हिंदी. मला हिंदीत भांडता येत नाही, त्यामुळे पहिलं वर्षभर माझी फार कुचंबणा झाली. मग एके दिवशी जिन्यातून उतरताना तिसऱ्या मजल्यावरच्या दारातून आवाज आला, "अगं बाई, दूध उतू गेलं!" मी सरळ बेल वाजवली. तशी मी आपण होऊन कुणाच्या दारात जाणारी बाई नाही.

तिथून आमचं जमलं. मुलीही एकाच वयाच्या, एकाच शाळेत, एकाच व्हॅनमध्ये. माझी मुलगी घरात बडबडी, पण चार अनोळखी माणसांत गेली की तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. शाळेच्या पहिल्या वर्षी बाथरूमला जायचंय हेसुद्धा तिला टीचरला सांगता आलं नाही, आणि ती ओल्या कपड्यांनी घरी आली होती. शाळेचं नाव काढलं की पोटात दुखायचं. मग तिसऱ्या मजल्यावरची ही मुलगी तिच्या शेजारी बसायला लागली. ती धीट. "टीचर, शी वॉन्ट्स टू गो," असं तीच उभी राहून सांगायची. माझ्या मुलीचं पोट दुखायचं थांबलं. त्या दोघींची जोडी म्हणजे माझ्यासाठी नुसती मैत्री नव्हती. तिच्या जिवावर माझी मुलगी शाळेत टिकली होती आणि हे तिची आई जाणून होती, कारण मीच तिला कितीदा तरी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं.

दुसरीच्या पेरेंट्स मीटिंगमध्ये टीचरनी आम्हा दोघींना एकदमच पुढे बोलावलं. म्हणाल्या, "दोनों बहुत मराठी में बात करती हैं. थोडा घर पे इंग्लिश रखो ना." आम्ही माना डोलावल्या आणि बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर फिदीफिदी हसत सुटलो. "घर पे इंग्लिश रखो म्हणे," ती म्हणाली, "कुठे ठेवायची, फ्रिजमध्ये?" हे तिचं वाक्य. मी ते घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, आईला फोनवर सांगितलं. पुढे कितीतरी दिवस आम्ही एकमेकींना विचारायचो, "काय गं, ठेवलीस का फ्रिजमध्ये?"

परीक्षा झाली, रिझल्ट लागला, सुट्टी सुरू झाली. आणि मे महिन्यात माझी मुलगी एकाएकी इंग्रजी बोलायला लागली. सुरुवात 'काकू'पासून झाली. मैत्रिणीच्या आईला ती लहानपणापासून काकू म्हणायची. एकदा मी वरून ऐकलं तर खाली पार्किंगमध्ये ही तिला म्हणतेय, "हॅलो आंटी." मला वाटलं, बाकीच्या मुलांचं ऐकून म्हणत असेल. पण मग सगळंच बदललं. मैत्रिणीशी खेळताना इंग्रजी, जेवताना इंग्रजी, आरशासमोर केस विंचरताना एकटीच तोंडातल्या तोंडात इंग्रजी. वाक्य अडलं की ती थांबायची, डोळे मिटायची, मनात जुळवायची आणि मगच बोलायची. मधे मराठी शब्द आला तर स्वतःच्याच तोंडावर हात ठेवायची. माझा नवरा हरखून गेला. परळला भावाला फोन लावून त्याने फोन तिच्या हातात दिला, "ऐक, ऐक, कशी फाडफाड बोलते." मीही हसत होते. एवढी फी भरतोय ती कुठेतरी दिसतेय, असंच मला वाटलं.

त्याच महिन्यात एका रविवारी आम्ही दोन्ही घरं उत्तनजवळच्या चौक नावाच्या कोळीवाड्यात गेलो होतो. भाईंदरहून बस, मग थोडं चालत. बोंबील वाळत घातले होते. माझी मुलगी ओरडली, "लुक, सो मेनी फिश!" तर तिची मैत्रीण म्हणाली, "अगं, ते बोंबील आहेत." त्यावर माझी मुलगी हळूच तिला म्हणाली, "स्पीक इन इंग्लिश, ना. प्लीज." बोंबलांपाशी बसलेल्या बाईने माझ्याकडे पाहिलं. "ही पोर मराठी बोलत न्हाय काय गो?" मी हसून म्हटलं, "येतं हो, पण शाळेची सवय." ते म्हणताना माझ्या आवाजात जी ऐट होती ती मला आजही ऐकू येते. मैत्रिणीची आई तेव्हा माझ्या शेजारीच उभी होती. ती पिशवीत काहीतरी शोधत होती, आणि बराच वेळ शोधत राहिली.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी शाळेच्या ॲपवर डिव्हिजन आल्या. तिची मुलगी ए. माझी डी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तशीच तिसऱ्या मजल्यावर उतरले. तिने दार उघडलं, ऐकलं आणि म्हणाली, "अरे देवा, हो का?" वर च्यक् च्यक् असा आवाजही केला. मी म्हटलं, "उद्या सुपरवायझरला भेटायचं. तू पण चल. दोघी गेलो तर ऐकतील." तर म्हणे, "ऑफिस आहे गं. आणि जाऊ दे ना, मुलं ॲडजस्ट होतात." आत तिचा नवरा टीव्ही बघत होता, तो बिचारा म्हणाला, "अगं, जा ना, लेट मार्क लागला तर लागला. मुलींचा प्रश्न आहे." त्याला काहीच ठाऊक नव्हतं. मग तिला 'बरं' म्हणावंच लागलं.

वर आल्यावर मी मुलीला जवळ घेऊन सांगितलं. मला वाटलं होतं, रडून गोंधळ घालेल. ती म्हणाली, "ओके." बस. आणि कंपासमधल्या पेन्सिलींना टोक काढत बसली. मला वाटलं, केवढी समजूतदार झाली माझी पोर.

सकाळी शाळेच्या गेटवर फुग्यांची कमान होती. अस्वलाचा पोशाख घातलेला एक माणूस मुलांशी हात मिळवत होता आणि आतून घामाघूम झालेला असणार. व्हॅन आली. दोघी उतरल्या. तिची मुलगी ए च्या रांगेकडे जाताना चार वेळा मागे वळून बघत गेली. माझी मुलगी डी च्या रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली, दप्तराचे पट्टे दोन्ही हातांनी घट्ट धरून, आणि तिने वळून पाहिलं नाही.

सुपरवायझर मॅडमच्या केबिनबाहेर गर्दी होती. कुणाला फीची मुदत वाढवून हवी होती, कुणाच्या मुलाचं नावच चुकलं होतं. आमचा नंबर आला तसं मी तावातावाने सुरू केलं. माझं हिंदी रागात आणखीच मराठी होतं, पण मी थांबले नाही. मुलगी लाजाळू आहे, तिला दुसरं कुणी नाही, पहिल्या वर्षी काय काय झालं होतं, तुम्ही आईवडिलांना न विचारता अशी ताटातूट कशी करता. तिसऱ्या मजल्यावरची माझ्या शेजारी उभी राहून मान हलवत होती. हो, हलवत होती. मी म्हटलं, "इनको भी यही चाहिये, पूछो इनको."

मॅडमनी आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे पाहिलं. त्या खरोखरच गोंधळल्या होत्या. म्हणाल्या, "लेकिन ये मॅडम ही तो रिझल्ट के दिन आके बोल के गयी थीं. दोनों को अलग रखो, साथ में रहती हैं तो मराठी ही बोलती हैं. हमने तो इनके कहने पे किया."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी तिच्याकडे वळले. ती मान हलवायची थांबली होती, एवढंच. मागे उभ्या असलेल्या बाईने विचारलं, "आपका हो गया क्या?" आणि आम्ही बाहेर आलो.

केसाने गळा कापणं हे मी आजवर नुसतं म्हणत आले होते. गेटबाहेर मी तिला अडवलं. "रिझल्टच्या दिवशी? म्हणजे त्यानंतर आपण चौकला गेलो, माझ्या घरी आमरस-पुरी खाल्लीस, काल अरे देवा म्हणालीस. एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"मी तुझ्या मुलीला वाईट नाही म्हटलं," ती म्हणाली. "तुझी मुलगी गोड आहे. पण माझ्याकडे बघ ना. तुझ्यासारखीच मराठी मीडियमची. ऑफिसात कॉल असला की मी माइक बंद करून बसते. माझ्यामागून आलेल्या पोरी पुढे गेल्या. माझ्या मुलीचं तसं नाही होऊ द्यायचं मला."

"आणि माझी मुलगी तुझ्या मुलीला मागे खेचते? तूही आत्ता माझ्याशी मराठीतच बोलतेयस."

"म्हणूनच तर," ती म्हणाली.

तिचे डोळे भरले होते. मला त्याची जराही कीव आली नाही, आजही येत नाही. तिचं दुःख खरं असेल. पण माझ्या मुलीचा शाळेतला आवाज कुठून येतो हे तिला माहीत होतं, आणि तिने नेमका तोच काढून घेतला. मी आणखी बोलणार होते. तिने समोरून आलेली शेअर रिक्षा थांबवली, "भैया, स्टेशन," म्हणाली आणि बसून गेली. आता लिफ्टमध्ये भेटलो तर ती मोबाइल बघते आणि मी मजल्यांचे आकडे बघते.

त्या संध्याकाळी मुलगी व्हॅनमधून उतरली. डबा तसाच होता. काय झालं विचारलं तर, "नथिंग." नव्या वर्गात कुणाशी बोललीस, तर मान हलवून नाही. मी वह्यांचा गठ्ठा काढला. सगळ्या लेबलांवर बी होतं, ते आता डी करायचं होतं. आम्ही दोघी जमिनीवर बसलो. ती नखाने जुनी लेबलं सोलून काढत होती, मी नवी लिहीत होते. कव्हरांचे कपटे लेबलांबरोबर निघून येत होते. मी शब्द जुळवत होते. या मुलीला सांगायचं तरी काय? शाळेने उगीचच बदललं असंच सांगायचं, असं मी ठरवलं.

"बेटा, शाळेत कधी कधी असं करतात, कारण—"

"मला माहितेय," ती म्हणाली. किती दिवसांनी ती माझ्याशी मराठीत बोलली होती. मान खालीच होती. "सुट्टी लागली तेव्हाच तिने मला सांगितलं होतं, पार्किंगमध्ये. तिची मम्मी म्हणते, माझ्यामुळे तिचं इंग्लिश बिघडतं. म्हणून आम्हाला वेगळं बसवणार."

मी पेन खाली ठेवलं. "मग तू मला का नाही सांगितलंस?"

"तू भांडली असतीस."

भांडलेच असते. माझ्या डोळ्यांसमोर तो सगळा मे महिना आला. आरशासमोरची ती पुटपुट, तोंडावर ठेवलेला हात, चौकला हळूच म्हटलेलं 'प्लीज'. आम्ही परळला फोन लावून ज्याचं कौतुक करत होतो, ते ही एवढीशी पोर आपली मैत्रीण जाऊ नये म्हणून करत होती. एकटी. आम्हा कुणालाही न सांगता.

तिने सोललेलं लेबल बोटांत गोळा करून चुरगाळलं आणि पहिल्यांदाच वर पाहिलं.

"आई, पण आता मला येतं ना सगळं? तू आंटीला सांग ना, मी आता फक्त इंग्लिशच बोलते." मग जरा विचार करून म्हणाली, "पण तिला मराठीत नको सांगू हं."