तुळजाबाईंच्या घरगुती अडचणी

पौडकडच्या चांदे गावच्या बौद्धवाड्यातल्या तुळजाबाईंनी आयुष्यात जेवढ्या नोकऱ्या सोडल्या, त्या सगळ्या एकाच पद्धतीने. राजीनामा हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. चुलीवरचं उतरवायचं, सगळ्यांना वाढायचं, भांडी घासायची आणि आपली पळी पदराला पुसून पिशवीत टाकायची. पळी पिशवीत गेली की मालकाने समजावं, उद्यापासून दुसरी बाई बघायला हवी.

ही पळी त्यांची स्वतःची. पितळेची, आणि मालकलोकांच्या मते गरजेपेक्षा मोठी. भांडणाचं मूळ तिथेच होतं. मालकाच्या पळीने वाढलं की आमटी पुरायची. तुळजाबाईंच्या पळीने वाढलं की माणसांना पुरायची.

ऐंशी सालच्या उन्हाळ्यात पौडला मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकीण नेमायची होती. पगार बेताचा, पण सोबत राहायला खोली. तुळजाबाईंचा सगळा जीव त्या खोलीत अडकला. नवरा कधीच गेलेला. लेक जया सातवी पास झाली होती आणि गावातली शाळा सातवीतच संपत होती. खोली मिळाली तर पोरगी पौडच्या हायस्कुलात आठवीत बसणार. नाही मिळाली तर वीटभट्टीवर, आणि तिथून दोनेक वर्षांत कुणाच्या तरी मांडवात.

त्यांचा धाकटा भाऊ भिकू पौडच्या कचेरीत शिपाई होता. साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर बसून त्याने इतक्या मुलाखती ऐकल्या होत्या, की वेळ पडती तर एखादी त्याने स्वतःही घेतली असती. आदल्या रविवारी तो बहिणीला शिकवायला येऊन बसला.

"आक्का, नोकरी का सोडली म्हनून इचारलं की एकच सांगायचं. घरगुती अडचण."

"आन् खरं काय झालं ते?"

"खरं सांगायला तू काय कोर्टात चाललीयस? कमिटीत हैबतराव हायेत. रस्त्याच्या कामावरचा तुजा ठेकेदार त्येंचा सख्खा साडू हाय. त्येचं तर नावच काढू नगंस. आन् ती पळी घरी ठिव."

"पळी न्हाई ठेवायची. रिकाम्या हातानं मी कुटं गेलेय का कदी?"

मुलाखत वसतिगृहाच्या ऑफिसात होती. टेबलापलीकडे दोघं. अध्यक्ष प्रभावतीबाई, पुण्याहून निवृत्त होऊन आलेल्या मुख्याध्यापिका. आणि शेजारी हैबतराव, कडक इस्त्रीची टोपी आणि त्याहून कडक मिशा. तुळजाबाई पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या.

"हिंजवडीच्या गुऱ्हाळावर तुम्ही स्वयंपाकाला होता," प्रभावतीबाईंनी सुरुवात केली. "ते काम का सोडलं?"

"घरगुती अडचण."

"आणि इथल्या खानावळीतलं?"

"घरगुती अडचण."

"धरणाकडच्या बंगल्यातलं?"

"तितं बी अडचणच."

हैबतरावांनी चष्मा काढला. "बाई, घरात माणसं किती तुमच्या?"

"मी आन् लेक."

"दोन माणसांत एवढ्या अडचणी?"

"व्हय ना साहेब," तुळजाबाई म्हणाल्या. "आमालाच बसाया जागा उरंना."

प्रभावतीबाईंनी तोंडाला पदर लावला. हसू आवरल्यावर म्हणाल्या, "आता बंगल्याचं तेवढं खरं सांगा."

भिकूच्या शिकवणीत हा प्रश्न नव्हता. तुळजाबाईंनी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले, सोडले.

"पावसाळाभर माज्या हातचं जेवले. मागून मागून जेवले. मग कुनीतरी त्यांना माजं आडनाव सांगितलं. पळी तीच, चिमूट तीच, पर दुसऱ्या दिसापास्नं भाजीत मीठ जास्त व्हाया लागलं."

प्रभावतीबाईंचं हसू जागच्या जागी विरलं. "इथे मीठ जास्त होणार नाही," त्या हळूच म्हणाल्या. "ते मी बघीन."

हैबतराव मात्र खुर्ची पुढे ओढून बसले. "आणि रस्त्याच्या कामावर? तिथं म्हणे तुम्ही ठेकेदाराच्या तोंडावर भांडलात?"

आता आली का पंचाईत! 'घरगुती अडचण' तुळजाबाईंच्या ओठापर्यंत आली. पण ज्याला गोष्ट आधीच कळली आहे, त्याला खोटं सांगायचं म्हणजे जेवून उठलेल्याला ताट मांडण्यासारखं. त्यांनी पदर खोचला.

"भांडले न्हाई. ते मजुरांच्या आमटीत पानी वतायला सांगायचे. येकदा वतलं, दोनदा वतलं. मग म्हनलं, चव तरी कळू दे. दुपारी त्येंचं ताट मांडलं आन् मजुरांच्या डेगीतली आमटी वाढली. येक घास घेतला आन् म्हनले, ह्ये काय? म्हनलं, आमटी हाय, तुमी सांगितलेली."

"मग काढून टाकलं?"

"त्येंनी 'जा' म्हनायच्या आदी मीच पळी पुसली."

हैबतरावांच्या मिशांमागे काय चाललंय, कळायला मार्ग नव्हता. प्रभावतीबाई टेबलावर हात ठेवून म्हणाल्या, "समजा, महिनाअखेरीला आम्हीच सांगितलं की डाळ कमी आहे, पाणी घाला. मग काय कराल?"

याचं उत्तर अगदी सोपं होतं. 'तुमी म्हनाल तसं.' एवढं म्हटलं की खोली मिळत होती, आठवी मिळत होती, जयाची नवी पुस्तकं तुळजाबाईंना दिसतसुद्धा होती. त्यांनी डोळे मिटले. पण खोली मिळाली तर त्याच आमटीला जयाही बसणार होती, आणि जयाच्या शेजारी बाकीच्या पोरी.

"डाळ खरीच कमी आसंल तर घालीन," त्या म्हणाल्या. "पर त्या दिशी आदी तुमाला वाढीन. दोघास्नी बी."

हैबतरावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"बाई," हैबतराव म्हणाले, "ज्याच्या ताटात तुम्ही ती आमटी वाढलीत, तो माझा साडू."

"ठावं हाय मला."

"आणि तरी सांगितलंत?"

"तुमी इचारलंत."

हैबतरावांच्या मिशा आधी एका बाजूने हलल्या, मग दुसऱ्या, आणि मग सगळे हैबतराव हलायला लागले. हसता हसता त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"अहो बाई, त्याच्या पोरीच्या लग्नात आम्ही घरची माणसं म्हणून मिरवलो आणि अर्धपोटी परत येताना पिरंगुटला भजी खाल्ली! त्याला कुणीतरी त्याचीच आमटी पाजायला हवी होती. प्रभावतीबाई, ठेवा हिला."

"कधीपासून येता?" प्रभावतीबाईंनी विचारलं.

तुळजाबाईंनी पिशवीतून पळी काढून टेबलावर ठेवली. टोपीच्या शेजारी. टोपीपेक्षा ती फार लहान नव्हती.

पुढे ऐंशीचं दशक सरेपर्यंत ती पळी पिशवीत गेली नाही. महिन्यातून एकदा कमिटीने मुलींच्या पंगतीला बसून त्याच डेगीतलं जेवायचं, हा नियम तुळजाबाईंनी कुणाला न विचारता सुरू केला, आणि हैबतराव एकदाही चुकले नाहीत. जयाची मात्र कायमची तक्रार: सख्खी आई वाढायला असून आपल्याला कधी अर्धी पळी जास्त मिळाली नाही.

मुलाखतीच्या दिवशी भिकू कचेरीतून धावतच आला होता. "आक्का, मी सांगितलं तसंच बोललीस ना?"

"व्हय तर," तुळजाबाई म्हणाल्या. "पर तुजं सगळं हैबतरावांनी पयल्याच पंगतीला संपवलं रं. मग घरचं वाढावं लागलं."