पाळणा कुठे टांगायचा

मी वाशिंदजवळच्या एका कॉलेजात मेकॅनिक्स शिकवते. मुलांना सांगते, छपराच्या कैचीतला कुठलाही दांडा मनातल्या मनात कापा आणि विचारा, तुझ्या पोटात काय चाललंय रे? बल फक्त दोन टोकांना लागत असेल तर उत्तर सोपं असतं: तो ताणला तरी जातोय, नाहीतर दाबला तरी. त्याच्या मधोमध काही लटकवलं की मात्र तो वाकायला लागतो. झोपेतून उठवलंत तरी मी हे सांगेन.

हेच एकदा वडिलांना सांगावं लागलं, तेही माझ्या लेकीच्या बारशाला.

पहिलं बाळंतपण माहेरी, डोळखांबकडच्या आमच्या पाड्यावर झालं. घर नवं होतं. सागाचं जाडजूड आढं जाऊन पत्रे आणि लोखंडी पाइपांची कैची आली होती. आमच्याकडे पाळणा घराच्या मधोमध टांगतात, म्हणून बाबांनी कैचीच्या खालच्या पाइपावर बरोब्बर मध्ये दोर टाकला. पाइप एकमेकांना जुळतात तो सांधा तिथे नव्हता. जवळचा सांधा होता स्वयंपाकघराच्या दाराशी.

"बाबा, मध्ये नको. दाराजवळच्या सांध्याला बांधा."

"पावन्यांनी काय दारात बसायचं? आपल्यात मधीच टांगतात. तू पन मधीच व्हतीस, पडलीस का गो?"

"तेव्हा आढं होतं. हा पाइप बारीक आहे, वाकेल."

"पोर केवढीशी हाय."

पोर केवढीशीच होती. पण आमच्या घरात पाळण्यात एकटं बाळ कधी नसतं, भावंडं चढून झोके घेतात. मी लेकीला मांडीवरून खाली ठेवायला साफ नकार दिला. आईने कपाळाला हात लावला. चारचौघांत बापाला अडवलं याचं मला वाईट वाटत होतं, पण मी हटले नाही.

बाबांनी कोपऱ्यातला बियाण्याच्या भाताचा मुडा, पेंढ्यात बांधलेला जड गठ्ठा, उचलला, दोराला अडकवला आणि जोरात झोका दिला. पाइप मध्येच खाली झुकला, वरचा पत्रा कुरकुरला. मग त्यांनी दोर सोडून दाराजवळच्या सांध्याला बांधला आणि मुड्याला पुन्हा झोका दिला. पाइप जागचा हलला नाही. खोटं कशाला सांगू, मला जिंकल्यासारखंच वाटलं.

मी लेकीला घेऊन उठले, तर त्यांनी हातानेच थांबवलं. मुडा काढला, दोर दोन्ही हातांनी धरला आणि पाय उचलले. नवा सदरा, टोपी तिरकी झालेली, सगळ्या पाहुण्यांसमोर माझा म्हातारा बाप लोंबकळत राहिला. माझा गणितावर पूर्ण भरवसा होता. नातीच्या बाबतीत त्यांना तेवढ्याने भागत नव्हतं. मला रडू आवरेना.

पाय टेकून त्यांनी टोपी सरळ केली.

"घाल गो आता तिला," म्हणाले, आणि पाहुण्यांना दाराकडे सरकून बसायला सांगितलं.