बंद घराचं मीटर

पाणीपुरवठा खात्यात तिला सगळे मीटरबाई म्हणत. नवरा अपघातात गेला आणि त्याच्या जागी ती नोकरीला लागली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, तिच्या वाट्याला तेही आले नाहीत. पहिल्याच आठवड्यात बरोबरच्या पुरुषांनी त्यांना नकोसे असलेले पत्ते तिच्या वहीत ढकलून दिले. टेकडीवरचा बंद पडलेला दवाखाना, नदीकाठचा जुना छापखाना, खाणीजवळचा बंगला आणि रंगाऱ्यांच्या गल्लीच्या टोकाचं राखाडी घर. चारही जागा झपाटलेल्या म्हणून पंचक्रोशीत बदनाम. भर दुपारीसुद्धा तिकडे कोणी फिरकत नसे.

"घाबरणार तर नाही ना?" एकाने विचारलं.

"घाबरायला वेळ कुठाय?" ती म्हणाली. घरी म्हातारे सासरे होते, दहावीतली मुलगी होती.

ती गेली. छापखान्यात बाई रडते म्हणत, तिथे नळीत हवा कोंडून हुंदक्यासारखा आवाज येत होता. तिने तोटी सोडली, चार गुळण्या टाकून नळ गप्प झाला. दवाखान्यात पावलं वाजत, ती छपराच्या सुटलेल्या पत्र्याची निघाली. बंगल्यात तर काहीच नव्हतं, नुसती वटवाघळं. संध्याकाळी हे सगळं ती सासऱ्यांना रंगवून सांगायची. सासरे म्हणायचे, "तुला बघून भुतंच बदली मागत असतील." तिलाही स्वतःचं कौतुक वाटू लागलं.

राखाडी घर मात्र निराळं होतं. दोन मजली, खिडक्यांना आतून फळ्या ठोकलेल्या, फाटकाला कुलूप. शेजारी एका शिंप्याचं दुकान होतं. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, आकडा घ्या आणि निघा. म्हातारी मालकीण वारल्यापासून अकरा वर्षं घर बंद आहे. पण आत ठोकल्याचा आवाज येतो. हडळ आहे. पोरं इकडे खेळत नाहीत."

मीटर फाटकाबाहेरच एका खड्ड्यात होतं. तिने झाकण उचललं, आकडा लिहिला, 'बंद घर' असा शेरा मारला. दुसऱ्या महिन्यात आकडा दोनने पुढे गेला होता. तिसऱ्या महिन्यात पुन्हा दोन. एक आकडा म्हणजे हजार लिटर. बंद घरात दोन हजार लिटर पाणी?

तिने मालकाला फोन केला. तो म्हातारीचा मुलगा, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. "माळी येतो झाडांना पाणी घालायला," तो म्हणाला आणि फोन ठेवला. तिने फाटकातून पाहिलं. अंगणात फुफाटा होता. गवताची काडीसुद्धा हिरवी नव्हती.

"गळती असेल," साहेब म्हणाले. "लिही आणि पुढे चल."

ती पुढे चालली. असे आठ महिने गेले.

नवव्या महिन्यात ती खड्ड्यापाशी उकिडवी बसून मीटरमधलं लाल चक्र बघत राहिली. चक्र स्थिर होतं. मग अचानक फिरू लागलं, वीसेक आकडे मोजेपर्यंत फिरलं आणि थांबलं. गळती अशी थांबत नाही. कोणीतरी नळ सोडला होता आणि बंद केला होता.

काय मनात आलं कोण जाणे, तिने हातातल्या पान्याने नळीवर तीनदा ठोकलं. क्षणभर काहीच नाही. मग नळीतून, लांबून, बारीक आवाज आला. टक. टक. टक.

मीटरबाई पळाली. झाकण उघडं, वही खड्ड्यात, चप्पल रस्त्यात. छापखान्याच्या रडणाऱ्या बाईला गप्प करणारी ती, गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत मागे वळून पाहायचं तिचं धाडस झालं नाही. वही नंतर शिंप्याने आणून दिली. "सांगितलं होतं ना," एवढंच तो म्हणाला.

रात्री जेवताना तिने सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "भूत पाणी पितं का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

ती त्यांच्या ताटात भात वाढू लागली. खरं तर उत्तर तिला त्याच घटकेला कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि त्या फाटकाशी पुन्हा जाऊन उभं राहणं वेगळं. ती महिनाभर गेली नाही. गल्लीच्या अलीकडच्या चौकातून सायकल वळवायची.

पुढच्या मीटरवाचनाला जावंच लागलं. आकडा जेमतेम एकाने पुढे सरकला होता आणि लाल चक्र हलत नव्हतं. तिने पान्याने ठोकलं. पुन्हा ठोकलं. नळी गप्प होती. आता तिला जी भीती वाटली ती पहिल्या भीतीसारखी नव्हती. आवाज येत नाही, याची ती होती.

ती तडक चौकीत गेली. हवालदाराने हसून विचारलं, "भुताची तक्रार लिहून घेऊ?" तिथे वाद घालण्यात अर्थ नव्हता. ती कार्यालयात परतली आणि आयुष्यात पहिल्यांदा खोटा अहवाल लिहिला. 'घराच्या आत मुख्य नळी फुटली आहे, शेजारच्या भिंतींना धोका.' खाली सही केली. गळती मोठी असली की कुलूप तोडायची परवानगी मिळते, हे तिला ठाऊक होतं. दुपारी दोनला दुरुस्तीची माणसं आली. कुलूप तोडायचं म्हणून त्याच हवालदारालाही यावं लागलं.

आत कोंदट अंधार होता. जमिनीवर कुठेही ओल नव्हती. "कुठाय गळती?" दुरुस्तीवाला चिडला. ती नळीच्या मागोमाग चालत गेली. नळी शेवटच्या खोलीत शिरत होती. त्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती. कडी घासून चकचकीत झाली होती.

हवालदाराने हसणं थांबवलं. त्याने कडी काढली.

भिंतीशी गोधडीवर एक बाई पडली होती. पन्नाशीची असेल, पण अंगावर मांस नव्हतं, नळापर्यंत सरकायचंही त्राण नव्हतं. शेजारी वाळलेले पाव, नळाखाली एक पेला, आणि पेल्याचा काठ ठोकून ठोकून चेपलेला. उजेडाने तिने डोळे मिटले. मीटरबाई गुडघ्यांवर बसली आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं.

बाईने डोळे किलकिले केले. "मी वाजवलं होतं," ती म्हणाली. "ऐकू नाही आलं?"

ती मालकाची धाकटी बहीण होती. डोक्याने जरा अधू. आई होती तोवर आईने सांभाळलं. आई गेल्यावर भावाने नातेवाइकांना सांगितलं की तिला लांबच्या आश्रमात ठेवलंय, आणि तिला त्या खोलीत कोंडलं. आठवड्यातून एकदा मागच्या बोळातून येऊन तो खाणं ठेवून जायचा. हडळीची वदंता त्याने उठवली नव्हती, पण पुसलीही नव्हती. "मी तिला मारलं तर नाही ना," तो पोलिसांना म्हणाला. त्याला शिक्षा झाली.

मीटरबाईला खोट्या अहवालाबद्दल मेमो मिळाला. तिने तो मुकाट्याने घेतला. बाई सरकारी दवाखान्यात दोन महिने होती, मग एका संस्थेत गेली. मीटरबाई दर रविवारी तिच्याकडे जाऊन बसे. लोक तिला शाबासकी देत, तेव्हा ती विषय बदलायची. मुलीने एकदा कारण विचारलं. ती म्हणाली, "एक महिना, बाळा. ती वाजवत होती आणि मी सायकल वळवत होते."

पावसाळा सरताना एका दुपारी शिंपी कार्यालयात आला. खुर्ची दिली तरी बसला नाही. "माझी बायको म्हणायची, हा माणसाचा आवाज आहे," तो म्हणाला. "दोनदा म्हणाली. मीच तिला गप्प केलं. तिलाही तसंच सांगितलं, हडळ आहे म्हणून." मग त्याने विचारलं, "त्या बाईंना भेटता येईल का?"

मीटरबाईने संस्थेचा पत्ता कागदावर लिहून दिला. त्याने तो घडी करून खिशात ठेवला आणि तो निघून गेला. तो तिथे गेला की नाही, हे तिने संस्थेत कधी विचारलं नाही.